परक्याकडून जुना फोन घेताना



वापरलेली वस्तू विकत घेणे आपल्या माणसांना काही नवीन नाही. ज्यांचे बालपण मुंबईत माझगाव, डोंगरी, भायखळा, मांडवी या भागात गेले त्यांना चोर बाजार चांगला ठाऊक आहे. मटन स्ट्रीटवर घड्याळे, ग्रामोफोन, रेडिओ, पितळी दिवे, काय वाटेल ते मिळायचे. रेडिओ घ्यायचा तर आधी तो लावून दाखवायला सांगायचे, मागचे झाकण काढून आत खरोखर काही आहे की नुसतीच पेटी ते बघायचे, आणि मग घासाघीस. परदेशी टेपरेकॉर्डर हवा असेल तर मनीष मार्केट, सुटे भाग हवे तर लॅमिंग्टन रोड. फसवणूक तिथेही होत असे, नाही असे नाही. पण दुकानदार दुसऱ्या दिवशी त्याच गाळ्यात बसलेला असायचा, आणि आपल्याबरोबर एखादा मामा नाहीतर शेजारचे काका असायचे. भांडायला दोघेही हजर!

अमेरिकेत हा बाजार आता फोनच्या पडद्यावर भरतो. याची सुरुवात १९९५ साली झाली. त्या वर्षी कॅलिफोर्नियात पिएर ओमिडयार यांनी लिलावाचे एक पान उघडले, तेच पुढे ईबे झाले. तिथे अगदी सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडलेला लेझर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. घेणाऱ्याला मोडकेच हवे होते म्हणे! त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क यांनी ओळखीच्या लोकांना ईमेलने एक यादी पाठवायला सुरुवात केली, तिची झाली क्रेगलिस्ट. हे न्यूमार्क न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या यहुदी घरातले. पुढे ऑफरअप आले, फोनसाठी स्वॅपा आले, आणि २०१६ मध्ये फेसबुकने मार्केटप्लेस उघडले. आपल्यातले बहुतेक लोक आता तिथेच बघतात, कारण फेसबुक आधीपासून हातात असतेच.

आणि बघायला हरकत तरी काय? नवा चांगला फोन घ्यायला गेले तर आठशे-हजार डॉलर मोजावे लागतात. सोशल सिक्युरिटीवर राहणाऱ्या माणसाने ते कुठून आणायचे? आपल्या घरातल्या वृद्धांना फोन लागतो तो मुख्यतः एका कामासाठी. अश्दोदला बहीण आहे, दिमोनाला दीर आहे, ठाण्याला मावसभाऊ आहे, त्यांचे तोंड दिसावे. शब्बाथ सुरू होण्याआधी दोन मिनिटे बोलता यावे. त्याला तीन-चार वर्षे वापरलेला फोन किंवा टॅब्लेट पुरेसा असतो. म्हणून आम्ही कोणाला घेऊ नका असे सांगणार नाही. कसे घ्यायचे एवढेच सांगणार आहोत.

आमच्या ओळखीच्या एका मावशींनी असाच एक टॅब्लेट १४० डॉलरला घेतला. विकणारा मुलगा गोड बोलणारा, दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये भेटला. काच स्वच्छ, खोका सुद्धा होता. घरी येऊन चालू केला तर पडद्यावर दुसऱ्याच कोणाचा पासवर्ड मागितला जाऊ लागला. त्या मुलाने त्यांचा नंबर ब्लॉक केलेला. १४० डॉलर गेले ते गेलेच. पण मावशींनी ही गोष्ट मुलाला सांगितलीच नाही. महिनाभर इस्राएलमधल्या बहिणीशी बोलल्या नाहीत, आणि बहिणीला वाटले की यांची तब्येत बिघडली. शेवटी तिने दुसऱ्यांकडे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. वॉर्डमध्ये काम करताना आम्ही हे कितीदा पाहिले आहे! रात्री बाथरूममध्ये पडलेली बाई सकाळी सांगत नाही, कारण मुले म्हणतील, आता आई एकटी राहू शकत नाही. हीच भीती इथे. फसवणारा माणूस या लाजेवरच जगतो.

आता थोडे आपल्या शास्त्राकडे वळू. मिष्नाहमध्ये बाबा मेझिया नावाचा भाग आहे, त्याच्या चौथ्या अध्यायात खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीचा विचार केला आहे. नियम असा, की चोवीस नाण्यांच्या व्यवहारात चार नाणी, म्हणजे एक षष्ठांश किंमत जास्त घेतली असेल तर ती फसवणूक, आणि घेणाऱ्याला वस्तू परत करता येते. किती वेळात? तर घेणाऱ्याला ती वस्तू एखाद्या व्यापाऱ्याला किंवा आपल्या नातेवाइकाला दाखवता येईल इतक्या वेळात. मुलांनो, इथे एक गंमत आहे, नीट ऐका. लोद गावात रब्बी तरफोन यांनी निकाल दिला की एक षष्ठांश नव्हे, एक तृतीयांश जास्त घेतले तरच फसवणूक धरायची. लोदचे व्यापारी खूश झाले! मग रब्बींनी सांगितले, पण आता माल परत करायला सबंध दिवसाची मुदत राहील. तेव्हा व्यापाऱ्यांचे चेहरे उतरले आणि ते म्हणाले, नको बाबा, आमचा जुनाच नियम बरा. हे तेच लोद, जिथे आज आपल्या बेने इस्राएल लोकांची कितीतरी घरे आहेत.

व्यापाऱ्यांना परतीची मुदत नफ्यापेक्षाही जड वाटली, हे ध्यानात घ्या. अमेरिकेत खाजगी माणसाकडून रोख पैसे देऊन घेतलेल्या वस्तूला अशी मुदत सहसा नसतेच. आहे तशी घेतली, विषय संपला. पुष्कळ लोकांची समजूत आहे की इथे कोणतीही वस्तू तीन दिवसांत परत करता येते. तसे नाही. तो नियम मुख्यतः दारावर येऊन माल विकणाऱ्यांसाठी आहे. इंटरनेटवर ठरवलेल्या खाजगी सौद्याला तो लागू नाही. म्हणून मिष्नाहने सांगितलेले काम, म्हणजे नातेवाइकाला दाखवणे, ते पैसे द्यायच्या आधीच उरकायचे. नातू नाहीतर पुतण्या बरोबर न्यायचा. तो येऊ शकत नसेल तर उभ्या उभ्या व्हिडिओ कॉल करून त्याला वस्तू दाखवायची. विकणारा यावर चिडला, तर समजावे आणि सरळ घरी यावे.

बरोबर काय न्यायचे? आपले सिम कार्ड, चार्जर, आणि सिमचा कप्पा उघडायची पिन. हल्ली काही फोनना सिमचा कप्पाच नसतो, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

आम्ही नर्स मंडळी औषध देण्याआधी रोग्याच्या हातातली पट्टी बघतो आणि नाव व जन्मतारीख विचारतो. रोगी दहा दिवस ओळखीचा असला तरी विचारतो. फोनलाही अशी पट्टी असते, तिला आयएमईआय म्हणतात. हा पंधरा आकडी नंबर. फोन करायच्या ठिकाणी *#०६# असे दाबले की तो पडद्यावर येतो. तो खोक्यावर छापलेला असतो, काही फोनांत सिमच्या कप्प्यावर पण असतो. पडद्यावरचा आणि खोक्यावरचा नंबर जुळला पाहिजे. मग तो नंबर आपल्या मोबाइल कंपनीच्या पानावर, जिथे स्वतःचा फोन आणणाऱ्यांसाठी तपासणी असते, तिथे घालून बघायचा. फोन चोरीचा म्हणून नोंदलेला असेल, किंवा पहिल्या मालकाने हप्ते थकवले असतील, तर कंपनी तो आपल्या जाळ्यावर चालू देत नाही. यात एक खोच आहे. आज घेतलेला फोन चालतो, आणि विकणाऱ्याने पुढचे हप्ते भरले नाहीत की तीन आठवड्यांनी मुका होतो. म्हणून हप्ते फिटले आहेत का हे स्पष्ट विचारावे. फिटल्याचा कागद किंवा मूळ पावती मागितली तर त्यात काही वाईट नाही.

दुसरी तपासणी कुलुपाची. मावशींची फसगत इथेच झाली. अॅपलने २०१३ पासून असे कुलूप ठेवले आहे की मूळ मालकाचा पासवर्ड दिल्याशिवाय फोन किंवा आयपॅड, आतले सगळे पुसले तरी, दुसऱ्याला वापरता येत नाही. अँड्रॉइड फोनलाही २०१५ च्या सुमारास तशीच सोय आली. चोराच्या हाती फोन निरुपयोगी व्हावा म्हणून ही सोय, आणि चांगली सोय आहे. पण भोगावे लागते घेणाऱ्याला. तर विकणाऱ्याला आपल्या डोळ्यांसमोर त्याचे खाते फोनमधून काढायला लावायचे आणि सगळे पुसायला सांगायचे. फोन पुन्हा सुरू होऊन नव्या माणसाचे स्वागत करणारा पडदा आला, आणि पुढे जाऊनही कोणा दुसऱ्याचा पासवर्ड मागितला नाही, की मग खिशात हात घालायचा. याला पंधरा मिनिटे लागतात. विकणारा म्हणेल, घरी जाऊन पुसा, मी पासवर्ड मेसेज करतो. नको म्हणावे.

पुसण्याआधी बॅटरी बघून घ्यावी. आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचे आरोग्य टक्क्यांत दिसते. ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी घालायचा खर्च किमतीतून वजा करायचा. फोनची काच वर उचललेली दिसली, किंवा लॅपटॉपचे बूड फुगून तो टेबलावर डगमगत असेल, तर आतली बॅटरी सुजली आहे. अशी वस्तू फुकट दिली तरी घरात आणू नये, पेट घेते. मग एक फोन लावून बघा, आपला आवाज पलीकडे जातो का, पलीकडचा येतो का. दोन्ही कॅमेरे. आपण ज्यासाठी घेतो आहोत ते तर आधी बघायला हवे ना! फार जुना फोन असेल तर अजून एक गोष्ट. २०२२ साली इथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी थ्री-जी बंद केले. तेव्हाचे जुने फोन दिसायला छान असले तरी त्यांवर आता बोलता येत नाही.

सीलबंद खोका स्वस्तात मिळत असेल तर जास्त संशय घ्यावा, कमी नव्हे. दुकानात परत करता येणारी कोरी वस्तू अर्ध्या किमतीत कोणी का विकेल? खोका तिथेच फोडून बघायचा. आणि जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. मोठा फोटो, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते की विकायला फक्त खोका आहे, किंवा वस्तू सुट्या भागांसाठी आहे.

आता पैशाचे. समोरासमोर भेटून, बघून, मग रोख, हे वृद्ध माणसाला सर्वांत सोपे. अनामत म्हणून आधी एक सेंट पाठवू नये. "आणखी तीन जण येणार आहेत, पन्नास डॉलर पाठवा म्हणजे तुमच्यासाठी ठेवतो" असे कोणी म्हटले तर त्या तिघांना सुखाने घेऊ द्यावे. झेल या सोयीने पाठवलेले पैसे म्हणजे दुसऱ्याच्या हातात दिलेली नोट. आपण होऊन पाठवले तर परत मिळण्याची आशा फार थोडी. पेपालने द्यायचे तर वस्तू आणि सेवा हा प्रकार निवडावा. मित्र आणि नातेवाईक हा प्रकार निवडला की पेपालचे संरक्षण मिळत नाही, आणि फसवणारा नेमका तोच निवडायला सांगतो, थोडी फी वाचते म्हणून. परक्या माणसाला नातेवाईक कशाला म्हणायचे? गिफ्ट कार्डाचे नंबर मागणारा माणूस तर निव्वळ चोर. ईबेवर वस्तू पोस्टाने येते, पण तिथे पैसे ईबेमधूनच दिले तर वस्तू न आल्यास किंवा वर्णनाप्रमाणे नसल्यास तक्रार करून पैसे परत मिळवता येतात. विकणारा म्हणाला की ईबेच्या बाहेर व्यवहार करू, स्वस्त देतो, की ते संरक्षण गेले. फेसबुकचे पण तसेच, तिथेच पैसे भरून मागवलेल्या वस्तूला काही संरक्षण असते, रस्त्यावर भेटून घेतलेल्या वस्तूला नसते.

आपल्यापैकी काही जण विकतातही. त्यांच्यासाठी दोन शब्द. कोणी किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून वरचे पैसे परत मागितले तर चेक खोटा आहे असे धरून चालावे. बँकेने खात्यात रक्कम दाखवली म्हणजे चेक वठला असे होत नाही. तो काही आठवड्यांनीही परत येऊ शकतो, आणि तोपर्यंत आपण पाठवलेले पैसे मात्र खरे असतात. दुसरे, कोणी म्हणेल की तुम्ही खरे माणूस आहात का हे बघायला मी एक सहा आकडी कोड पाठवतो, तो मला वाचून दाखवा. तो कोड कोणालाही, अगदी कोणालाही सांगू नये. त्या कोडवर तुमच्या नावाने नवा फोन नंबर उघडतात किंवा तुमच्या खात्यात शिरतात.

भेटायचे कुठे? पुष्कळ गावांत पोलीस ठाण्याबाहेर कॅमेऱ्याखाली अशा देवाणघेवाणीसाठी जागा ठेवली आहे. नसेल तर बँकेच्या आत, किंवा मॉलमध्ये जिथे बसायला आणि फोन चार्ज करायला मिळते तिथे. दिवसाउजेडी. घरी कोणाला बोलावू नये आणि कोणाच्या घरी जाऊ नये. टीव्हीसारखी मोठी वस्तू असेल तर मग गॅरेजच्या दाराशी, दोन माणसे बरोबर घेऊन. मशिदीच्या पार्किंगमध्ये भेटूया असे एक-दोघांनी केलेले आमच्या कानावर आहे. ते बरे नाही. पिट्सबर्गला २०१८ मध्ये जे झाले त्यानंतर आपली प्रार्थनामंदिरे दारे बंद करून, पहारे ठेवून प्रार्थना करतात, आणि आपण परक्या माणसाला तिथला पत्ता आणि वेळ कशाला सांगायची? विकणारे बहुधा शनिवारचीच वेळ देतात. सरळ लिहावे की शनिवारी जमणार नाही, रविवारी येते. आमचा अनुभव असा की खरा विकणारा थांबतो.

किंमत फारच कमी असली तर काय? मिष्नाहमध्येच, बाबा कामा या भागाच्या शेवटी, असे सांगितले आहे की धनगराकडून लोकर, दूध किंवा करडू विकत घेऊ नये, आणि फळांच्या राखणदाराकडून फळे घेऊ नयेत, कारण माल बहुधा मालकाचा असतो. आणि जो विकताना लपवून न्या म्हणतो त्याच्याकडून तर काहीच घेऊ नये. किती जुनी गोष्ट, पण अगदी आजची वाटते. पासवर्ड माहीत नाही, पावती नाही, अंधारात भेटूया, मेसेज पुसून टाका, हे सगळे लपवून न्या याचेच प्रकार. लॅपटॉप चालू केल्यावर अमुक शाळेच्या किंवा कंपनीच्या ताब्यातले यंत्र असा मजकूर दिसला तर तो त्या शाळेचा आहे, विकणाऱ्याचा नव्हे. क्रोमबुकच्या बाबतीत हे विशेष बघावे.

लॅपटॉपचे अजून एक. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून ते ढिगाने आणि स्वस्त विकायला निघाले. नातवाला टायपिंग शिकायला ठीक आहे. पण त्यावर बँकेचे काम करायचे असेल तर घेऊ नये. कोणी इस्राएलला किंवा भारतात पाठवण्यासाठी वस्तू घेत असेल तर चार्जरवरची बारीक अक्षरे वाचावी. १०० ते २४० व्होल्ट लिहिले असेल तर चालेल. नुसते ११० किंवा १२० असेल तर तिकडे २३० व्होल्टवर लावताच जळेल.

दवाखान्यातली यंत्रे या बाजारात दिसू लागली आहेत, त्याबद्दल आमचे मत कडक आहे. रक्तदाब बघायचे यंत्र जुने घेतले तर पट्टा आपल्या दंडाला बसतो का बघा, आणि डॉक्टरकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून बघा. पण झोपेत श्वासासाठी लावायचे सीपॅप यंत्र कोणाचे वापरलेले घेऊ नका. ते इथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, प्रत्येकासाठी हवेचा दाब वेगळा ठरवतात, आणि जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम झिजून श्वासात जाण्याच्या भीतीने लाखो यंत्रे परत बोलावली होती. त्यातले एखादे कोणाच्या तळघरातून निघाले तर कसे कळणार? कानाचे यंत्र दुसऱ्याच्या कानातले वापरू नये हे सांगायला नर्स लागत नाही. साध्या बहिरेपणासाठी ऑक्टोबर २०२२ पासून चिठ्ठीशिवाय नवी यंत्रे दुकानात मिळतात.

आता बाळगोपाळांनो, तुमची पाळी. ईबे आणि फेसबुक मार्केटप्लेसवर अठरा वर्षांखालच्या मुलांना व्यवहार करायची परवानगी नाही. तेव्हा व्हिडिओ गेमचे यंत्र पाहिजे असेल तर आईबाबांना सांगा, एकट्याने मेसेज करू नका, आणि कोणालाही शाळेचे नाव किंवा घरचा पत्ता देऊ नका. पण आजी-आजोबांना तुमची फार मदत होऊ शकते. आयएमईआय शोधून द्या, कॅमेरा तपासा, बॅटरी बघा. आजीने एकच गोष्ट तीनदा विचारली तर तीनदा सांगा. तिने तुम्हाला बाराखडी किती वेळा गिरवून घेतली ते आठवते ना? आणि एक काम आजच करा. घरातल्या कपाटात जुना फोन पडला असेल तर तो बाहेर काढा. पुष्कळदा आजीला लागतो तसा फोन मामाच्या नाहीतर काकाच्या ड्रॉवरमध्येच असतो, विकत घ्यायची गरजच पडत नाही.

एवढे करूनही कोणी फसलेच, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगावे. कार्डाने, पेपालने किंवा बँकेतून पैसे गेले असतील तर त्यांना ताबडतोब फोन करावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. विकणाऱ्याचे मेसेज आणि जाहिरात पुसू नयेत, त्यांचे फोटो काढून ठेवावेत. नंतर पोलिसांत आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार द्यावी, त्यांचा नंबर १-८७७-३८२-४३५७. वयस्कर लोकांच्या एएआरपी संस्थेची फसवणुकीबाबतची मदत ८७७-९०८-३३६० या नंबरवर मिळते, तिथे सभासद नसलात तरी बोलता येते. इंग्रजीत बोलायला संकोच वाटत असेल तर मुलाला किंवा नातीला शेजारी बसवून फोन लावावा. आणि पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा, असा फोन त्यानंतर कोणाकडून आला तर तो दुसरा चोर आहे. फोन ठेवून द्यावा.